नित्याची वाट आणि चपळ मोटार

नीतिशास्त्रावरील ग्रंथ चाळले असता असे दिसते की, त्यांतील उदाहरणे बहुधा असामान्य प्रसंगांची असतात. खोटे बोलून निरपराध्याचा प्राण वाचवावा की नाही, बुडत्या नौकेत कोणास आधी जागा द्यावी, राजाज्ञा व सदसद्विवेक यांत विरोध आल्यास कोणाचे ऐकावे, अशा प्रश्नांचा तेथे कीस काढलेला असतो. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांवर असले प्रसंग जन्मात एकदाही येत नाहीत. त्यांचे नीतीचे प्रश्न निराळ्याच वेषात येतात. ते दुकानात येतात, कर्जाच्या अर्जावर येतात, रात्रीच्या जेवणानंतर पतिपत्नींच्या हलक्या आवाजातील बोलण्यात येतात. आणि त्यांनी हिशेबाचा अंगरखा घातलेला असल्यामुळे ते नीतीचे प्रश्न आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

आमचे एक माजी विद्यार्थी कोथरुडास राहतात व शिरवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता आहेत. वारजे, नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड-शिवापूरचा टोलनाका, कापूरहोळ, नीरा नदीवरील पूल व मग शिरवळ, असा त्यांचा रस्ता. जाऊन येऊन शंभर किलोमीटर होतात. त्यांची जुनी मोटार आता थकली असून नवी घेणे भाग आहे. मनात भरली आहे ती मध्यम आकाराची, बुटक्या बांध्याची, मागे डिकी असलेली व इंजिनात टर्बो असलेली सेडान. बाजारात जिला 'स्पोर्टी' हे विशेषण लावतात ती. मित्रमंडळींचे म्हणणे असे की, रोजच्या राबण्याच्या गाडीला कसली आली आहे मौज? ॲव्हरेज चांगला देणारी, दुरुस्ती स्वस्त, विकताना किंमत राखणारी अशी साधी गाडी घ्यावी व मोकळे व्हावे. त्यांनी आम्हांस विचारले, "सर, कामाच्या वस्तूत आनंद शोधणे यात काही गैर आहे काय?" प्रश्न मोटारीचा असला, तरी तो मोटारीपुरता नाही. म्हणून त्याचा थोडा विस्ताराने विचार करावा असे आम्हांस वाटले.

प्रथम हिशेब, कारण तो टाळून तत्त्वज्ञान सांगणारा मनुष्य संसारी माणसांच्या आदरास पात्र होत नाही. वर्षाचे कामाचे दिवस अडीचशे धरले तर 25,000 किलोमीटर झाले. साधी गाडी या रस्त्यावर लिटरमागे 18 किलोमीटर व चपळ गाडी 15 किलोमीटर देते असे समजू. पहिलीस वर्षाला सुमारे 1,390 लिटर व दुसरीस सुमारे 1,670 लिटर पेट्रोल लागेल. फरक 280 लिटरांचा. लिटरला 100 रुपये हा सोयीचा भाव धरला, तर वर्षास 28,000 रुपये केवळ आवडीपोटी जातात. टायर, विमा व कर्जाचा वाढीव हप्ता यांचा भार वेगळाच. शिवाय एक लिटर पेट्रोल जळल्याने सुमारे 2.3 किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे या गृहस्थांच्या आवडीचे साडेसहाशे किलोग्रॅम ओझे दरवर्षी सर्वांच्या डोक्यावर. 2022 साली होंडा सिटीची पेट्रोल व वीज अशी संमिश्र शक्तीवर चालणारी आवृत्ती आपल्याकडे आली. तशी गाडी घेतली तर हा फरक दुपटीने वाढतो. ज्यांच्या घराखाली स्वतःची जागा व स्वतःचा मीटर आहे त्यांच्यासाठी तर रोज शंभर किलोमीटर हे अंतर विजेच्या मोटारीस मुद्दाम नेमून दिल्यासारखे आहे. आमच्या या स्नेह्यांची गाडी इमारतीच्या मागील गल्लीत उभी राहते व तेथे तारेचा प्रश्न सोसायटीच्या तीन सभांत सुटलेला नाही, ही गोष्ट निराळी.

पूर्वी हा हिशेब इतका टोचत नसे. रोज लांबचा पल्ला असणाऱ्यास डिझेल सेडान ही एक सुटका होती. 2001 साली स्कोडा ऑक्टाव्हिया येथे आली, तेव्हा तिच्या डिझेल इंजिनाने कित्येक मराठी अभियंत्यांस आणि डॉक्टरांस काटकसर व मौज एकाच वस्तूत मिळू शकतात, असा सुखद भ्रम करून दिला. भ्रम अशासाठी की, त्या इंजिनांच्या धुराचा हिशेब तेव्हा कोणी मांडीत नव्हते. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज सहाचे नियम लागू झाले. फोक्सवॅगन व स्कोडा यांनी त्याच वेळी आपल्याकडील डिझेल इंजिने बंद केली, आणि पुढे 2023 साली होंडा सिटी व ह्युंदाई व्हर्ना यांतूनही डिझेल गेले. सुख आणि काटकसर यांची जी गाठ यंत्राने बांधून दिली होती ती सुटली, आणि निवड पुन्हा माणसाच्या गळ्यात पडली. नीतीच्या दृष्टीने हे बरेच झाले असे आम्ही म्हणू.

आता हिशेबाची दुसरी बाजू. जाण्यास सव्वा तास व येण्यास सव्वा तास, असे रोज अडीच तास हे गृहस्थ गाडीत असतात. वर्षाचे सव्वासहाशे तास झाले. चोवीस तासांचा दिवस धरला तर सव्वीस दिवस! वर्षातील जवळजवळ एक महिना हा मनुष्य एका लोखंडी पेटीत एकटा बसून काढतो. पेट्रोलचे 28,000 रुपये मोजणारी मंडळी हा महिना मोजीत नाहीत. जेथे मनुष्य आयुष्याचा एवढा भाग घालवतो, ती जागा त्यास प्रिय असावी की केवळ सोसावी, हा प्रश्न क्षुल्लक खास नाही. स्वयंपाकघरात दिवसाचे चार तास काढणाऱ्या गृहिणीने उजेडाची खिडकी मागितली, तर तिला उधळी म्हणणारा मनुष्य आम्हांस तरी रूक्ष वाटेल.

आपल्या परंपरेत या वादास श्रेय व प्रेय अशी नावे आहेत, आणि ती कठोपनिषदातून आली आहेत हे वाचक जाणतातच. त्याच उपनिषदाच्या पुढच्याच वल्लीत शरीरास रथ, बुद्धीस सारथी व मनास लगाम म्हटलेले आहे. पण ज्याची आठवण क्वचित होते ती गोष्ट अशी की, यमाने नचिकेत्यास जी प्रलोभने दाखविली त्यांत रथही होते, आणि त्या मुलाने ते त्याचे त्यालाच परत केले. यावरून कोणी म्हणेल की, रथाचा मोह हा प्रेयाचाच प्रकार, तेव्हा विवेकी पुरुषाने तो टाकावा. यावर आमचे उत्तर असे की, नचिकेत्यास रोज शिरवळास जावयाचे नव्हते. जो रथ टाकूनही चालत होते तो त्याने टाकला. येथे प्रश्न रथ घ्यावा की टाकावा हा नसून, जो घेणे भाग आहे तो कसा असावा हा आहे.

पाश्चात्त्यांत बेंथॅमने 1789 साली सुखाची तोलणी मांडली: किती तीव्र, किती काळ, किती खात्रीचे, किती जणांस. या तराजूत आमच्या स्नेह्यांची मोटार घातली तर गंमत होते. तीव्रता बेताची, पण काळ सव्वासहाशे तासांचा, आणि खात्री रोजची. उलट अशाच खर्चातून केलेली परदेशची सहल आठ दिवसांत संपते, आणि तिच्यास मात्र कोणी नावे ठेवीत नाही. मिलने पुढे सुखांत उच्च-नीच असा भेद केला. तो भेद अशा सुखवादाच्या मुळाशी कसा घाव घालतो याची चर्चा लोकमान्यांच्या 1915 च्या 'गीतारहस्या'त आधिभौतिक सुखवादाच्या संदर्भात आलेली आहे, ती जिज्ञासूंनी अवश्य पाहावी. आमच्या प्रस्तुत प्रश्नास या दोघांपेक्षा ॲरिस्टॉटल अधिक उपयोगी पडतो. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या शेवटच्या भागात त्याने म्हटल्याचा आशय असा की, सुख हे कर्माहून वेगळे असे फळ नव्हे. कर्म उत्तम चालले असता त्यावर जी टवटवी येते तेच सुख, आणि ज्या कर्माचे सुख वाटते ते कर्म मनुष्य अधिक नीट करतो. वीणा वाजविण्यात ज्यास गोडी आहे तोच ती चांगली वाजवितो.

मोटार हाकणे हे वीणावादन आहे असे आमचे म्हणणे नाही. तथापि ते एक कौशल्य आहे, आणि कौशल्य म्हटले की त्यात गोडी व कंटाळा हे दोन्ही आलेच. चाक हातात धरल्यावर रस्त्याची जात बोटांस कळणे, गिअर जागच्या जागी बसणे, वळणात गाडीने अंग न टाकणे, ब्रेकवर पाय ठेवताच अपेक्षेएवढाच दाब उत्तर देणे, या गोष्टी ज्यास कळतात तो गाडी लक्ष देऊन चालवितो. ज्यास त्या कळत नाहीत, किंवा ज्याची गाडी त्या कळूच देत नाही, तो समोर पाहत असतो खरा, पण त्याचे मन घरी, कचेरीत, नाहीतर खिशातील दूरध्वनीत असते. गोडी लक्ष आणते आणि लक्ष हा वाहन चालविणाऱ्याचा पहिला धर्म आहे. एवढ्यापुरते चपळ मोटारीचे समर्थन आम्हांस मान्य आहे.

परंतु येथेच एका सोयीच्या असत्याची वाट फुटते. आमच्या स्नेह्यांनी आपल्या आवडीची जी कारणे घरात सांगितली त्यांत 'मला ती आवडते' हे कारण नव्हते. ती सुरक्षित आहे, तिची चौकट मजबूत आहे, ओलांडून पुढे जाताना ताकद हाताशी असलेली बरी, असा सगळा युक्तिवाद होता. यांतील काही भाग खरा आहे. फोक्सवॅगन व्हर्टस, स्कोडा स्लाव्हिया आणि नवी व्हर्ना या तिन्ही सेडान मोटारींस 2023 साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे मिळाले. पण हे तारे त्याच गाड्यांच्या साध्या इंजिनांच्या आवृत्त्यांसही लागू आहेत. दीडशे अश्वशक्ती घेतल्याने त्यांत सहावा तारा पडत नाही. मनुष्य आवड लपवून कारणे पुढे करू लागला की प्रथम तो दुसऱ्यास फसवितो, मग स्वतःस. आणि स्वतःस फसविलेल्या मनुष्यास आपल्या आवडीची मर्यादा कोठे आहे हे ठरविताच येत नाही. 'मला आवडते, त्यासाठी वर्षाला 28,000 रुपये अधिक जातील, ते आपणांस परवडतात काय?' असे जो आपल्या पत्नीस सरळ विचारतो, त्यास 'नाही' हे उत्तर मिळण्याचा धोका असतो. तो धोका पत्करण्यातच प्रामाणिकपणा आहे. पैसा दोघांचा, हप्ता दोघांचा. त्यातील एकाची हौस सुरक्षिततेच्या नावाने मंजूर करून घेणे ही लहानशी का होईना, पण लबाडी आहे.

सुरक्षिततेचा युक्तिवाद आणखी एका बाजूने लंगडा पडतो. अर्थशास्त्रज्ञ सॅम पेल्ट्झमन यांनी 1975 साली असा मुद्दा मांडला की, मोटारी अधिक सुरक्षित केल्या तर चालविणारा त्या सुरक्षिततेचा काही भाग अधिक धाडस करून खर्चून टाकतो. त्यांच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ वाद झाले. पण म्यूनिक शहरातील टॅक्सींवर जो प्रयोग झाला तो विचार करण्यासारखा आहे. तेथे काही टॅक्सींस चाके न अडखळू देणारे नवे ब्रेक बसविले, काहींस नाही. अपघात अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. नव्या ब्रेकांचे चालक अधिक झटक्याने वळू लागले व पुढच्या गाडीच्या अधिक जवळून धावू लागले, असे आढळले. म्हणजे यंत्राने दिलेले दान माणसाच्या स्वभावाने परस्पर उडविले! ज्यास चपळ गाडी घ्यावयाची आहे त्याने तिच्या ब्रेकांचे गुणगान करण्यापूर्वी आपल्या स्वभावाची चौकशी करावी.

वेगाविषयी थोडे गणित सांगितल्यावाचून राहवत नाही. पन्नास किलोमीटरांचे अंतर सबंध ताशी 80 च्या वेगाने गेले तर साडेसदतीस मिनिटे लागतात, 100 च्या वेगाने तीस, व 120 च्या वेगाने पंचवीस. मुळात हा रस्ता असा सलग मिळत नाही. मिळाला असे धरले तरी ऐंशीवरून एकशेवीसवर जाऊन वाचतात साडेबारा मिनिटे. त्यासाठी गाडीच्या अंगातील धडकेची शक्ती सव्वादोन पट होते, कारण ती वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. हवेचा अडथळाही त्याच प्रमाणात वाढतो, आणि पेट्रोलचा खरा चट्टामट्टा तेथे होतो. ॲव्हरेज कमी देते म्हणून गाडीस दोष देणाऱ्या पुष्कळांनी प्रथम आपल्या उजव्या पायास दोष द्यावा. वाचलेली साडेबारा मिनिटे नवले पुलाजवळच्या गर्दीत परत द्यावी लागतात, हे रोज तेथून जाणाऱ्यास सांगावयास नको. त्याच उतारावर नोव्हेंबर 2022 मध्ये एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांस ठोकरले. त्यांत चपळ गाड्या होत्या आणि साध्याही होत्या.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे 2022 साली भारतातील रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांत निम्म्याहून पुष्कळ अधिक दुचाकीस्वार व पादचारी होते, आणि शेकडा सत्तरांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. मोटारीत बसलेल्याचे धाडस बहुधा बाहेरच्याच्या जिवावर बेतते, हा या आकड्यांचा अर्थ आहे. चपळ मोटार घेणाऱ्याचे नैतिक ओझे साडेसहाशे किलोग्रॅम वायूपुरते नाही. कापूरहोळच्या चौकात रस्ता ओलांडणाऱ्या शाळकरी मुलीचे वजनही त्यात धरले पाहिजे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग निर्णय साध्या गाडीच्या बाजूने झाला. तसे नाही. मोटारीपासून होणारी सुखे दोन जातींची आहेत, आणि ती एकाच नावाखाली विकली जातात, हे घोटाळ्याचे मूळ आहे. पहिले सुख गाडी नीट चालण्याचे. दुसरे सुख इतर मागे पडण्याचे. पहिले सुख रस्त्यावरील सर्वांस एकाच वेळी मिळू शकते. माझी गाडी वळणात सरळ गेल्याने तुमच्या सुखात उणे येत नाही. दुसरे सुख सर्वांस एकदम मिळणे तर्कतःच अशक्य आहे, कारण सगळेच सगळ्यांच्या पुढे असू शकत नाहीत. जो नियम सर्वांनी पाळावा अशी इच्छा करता येत नाही तो नीतीचा नियम नव्हे, ही कान्टची 1785 सालची कसोटी येथे चपखल लागते. गीतेच्या अठराव्या अध्यायात सुखाचे जे तीन भेद केले आहेत त्यांत हे दुसरे सुख राजस होय, आणि त्याचा शेवट कसा होतो हे तेथे सांगितलेलेच आहे. पहिल्यास सात्त्विक म्हणावे इतके आमचे धाडस नाही. पण ते निरुपद्रवी आहे, आणि संसारी मनुष्यास निरुपद्रवी सुखही फार मिळत नाही.

हा भेद केवळ मनाचा नव्हे, तो यंत्रातही दिसतो. होंडा सिटीच्या दीड लिटरच्या साध्या पेट्रोल इंजिनाची कमाल शक्ती 121 अश्वशक्ती. व्हर्टसच्या एक लिटरच्या टर्बो इंजिनाची 115. कागदावर पहिली वरचढ. पण चाके फिरविणारा पीळ पाहिला तर पहिलीत 145 न्यूटन-मीटर व तोही इंजिनाचे मिनिटास 4,300 फेरे झाल्यावर. दुसरीत 178 व तो 1,750 फेऱ्यांपासूनच. म्हणजे पहिलीची पूर्ण ताकद इंजिन पिळल्यावर हाती येते, तर दुसरी ताशी चाळीस-पन्नासवरही हुशारीने पाऊल टाकते. ज्याला लोक पिकअप म्हणतात तो हाच. दुसऱ्या बाजूस सिटीचे इंजिन मऊ, निःशब्द आणि तक्रार न करणारे अशी ख्याती मिळवून आहे, आणि तिचा चाहता तिच्यात निराळ्या जातीचे सुख पाहतो. तेव्हा आमच्या मते रोजच्या वाटेसाठी चपळ गाडी निवडणाऱ्याने एकच परीक्षा घ्यावी: ही गाडी ताशी साठच्या वेगाने आनंद देते काय? देत असेल तर घ्यावी. जिचा आनंद शंभरानंतर सुरू होतो ती गाडी या रस्त्यावर मालकास रोज चिडवील व एक दिवस मोहात पाडील. या कसोटीस दीडशे अश्वशक्तीचे मोठे इंजिन उतरणार नाही असे नाही. पण एक लिटरचे धाकटे इंजिन तिला पुरेपूर उतरते, आणि पेट्रोलही कमी पिते.

सेडान या आकाराविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण सध्या तिची हेटाळणी होत आहे. आमच्या स्नेह्यांना 'मौज कसली करता?' म्हणणाऱ्यांपैकी दोघांजवळ उंच, रुंद, डोंगर चढण्याच्या आविर्भावाच्या गाड्या आहेत. त्या कर्वे रस्त्याहून अवघड प्रदेशात गेल्याचे आमच्या ऐकिवात नाही. उंच गाडीची छाती रुंद, म्हणून हवेचा अडथळा अधिक. आणि तिचे नाक उंच, म्हणून पादचाऱ्यास धोका अधिक. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेसाठी विमा कंपन्यांनी चालविलेल्या संस्थेने 2023 साली असे दाखविले की, बॉनेट चाळीस इंचांहून उंच असलेल्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याचा संभव, तीस इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे शेकडा 45 ने अधिक असतो. थोर्स्टीन व्हेब्लेनने 1899 साली दिखाऊ खर्चावर जे लिहिले त्याचे प्रत्यंतर आज उंचीत आहे, चपळाईत नाही. आपल्याकडील खड्डे व बेताल गतिरोधक यांमुळे बुटक्या गाडीचे पोट घासते ही तक्रार मात्र खरी आहे, आणि पावसाळ्यात तर ती फारच खरी आहे.

आतापर्यंत आम्ही अंतर गृहीत धरून बोललो. पण खरा प्रश्न अंतराचाच आहे. हे गृहस्थ शिरवळास का राहात नाहीत? त्यांची पत्नी पुण्यात बँकेत नोकरी करते, मुलगा येथील शाळेत नववीत आहे, आणि आईचे डॉक्टर पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. घरातील तीन माणसांची सोय एका माणसाने आपल्या अडीच तासांनी विकत घेतलेली आहे. हे पाहिले म्हणजे त्याच्या हौसेविषयी कठोर बोलणे कठीण जाते. घरासाठी जो रोज एवढे देतो, त्याने त्या देण्याची वेळ जरा गोड करून घेतली तर ते त्याच्या हक्काचे आहे, असे त्याच्या पत्नीनेच म्हटल्याचे आम्ही ऐकले. तिने आणखी असेही म्हटले, आणि ते आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते, की गाडी फार आवडू लागली तर ते शिरवळ कधी सोडणारच नाहीत.

या एका वाक्यात या विषयाचे मर्म आहे. डॅनियल काह्नेमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 साली टेक्सासमधील 909 नोकरदार स्त्रियांस आदल्या दिवसाचा तासातासाचा अनुभव विचारला, तेव्हा सकाळी कामावर जाण्याचा प्रवास सर्वांत नीरस ठरला. ब्रूनो फ्राय व आलोइस श्टुट्झर यांनी 2008 साली जर्मनीतील माहितीवरून दाखविले की, लांबून कामास जाणारी माणसे एकंदर आयुष्याविषयी कमी समाधानी असतात. वाढीव पगार किंवा मोठे घर यांनी ती उणीव भरून निघत नाही. मनुष्य सौदा करताना भिंती व पगार मोजतो, रस्ता मोजीत नाही. दुसरीकडे चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 साली असे प्रतिपादन केले की, मनुष्य पायी चालत होता तेव्हाही रोज सुमारे एक तास प्रवास करी व मोटारीतही तेवढाच करतो; वेग वाढला की तास घटत नाही, अंतर वाढते. आमचे स्नेही त्या तासाच्या अडीच पट देत आहेत, आणि तेही निमूटपणे.

दुःख सुसह्य करणारी वस्तू चांगली की वाईट? दात दुखत असता लवंगेचे तेल लावणे शहाणपणाचे आहे. तेलाने दुखणे थांबले म्हणून दंतवैद्याकडे न जाणे शहाणपणाचे नाही. पण ज्याचा दात काढताच येत नाही, किंवा मुलाची दहावी होईपर्यंत काढता येत नाही, त्यास तेल लावू नको म्हणणे निर्दयपणाचे आहे. या गृहस्थांचे दुखणे कोणत्या जातीचे, हे त्यांस ठाऊक असले पाहिजे. दोन वर्षांनी मुलगा दहावी होईल. तेव्हा बदलीचा किंवा निराळ्या नोकरीचा विचार करावयाचा असे पतिपत्नींनी ठरविले असेल, तर सात वर्षांच्या कर्जावर घेतलेली मोटार त्या ठरावास बळ देणार नाही. म्हणून आम्ही त्यांस कर्ज तीन वर्षांचे घ्या, आणि हप्ता जड झाला तर धाकटे इंजिन घ्या, असे सांगितले. त्यांनी ते निमूटपणे ऐकून घेतले. पटले की नाही हे कळले नाही.

एक गोष्ट शेवटी राहिली. दोन मोटारींत कोणती, असा प्रश्न विचारला की मोटार घ्यावयाची हे आधीच ठरून जाते, आणि विचारलेल्या प्रश्नाने न विचारलेला प्रश्न झाकला जातो. म्हणून आम्ही सहज चौकशी केली. कारखान्याची बस वारज्याच्या पुलाखाली रोज सकाळी थांबते. तीत जागा असते. तिची वेळ त्यांच्या कामाच्या वेळेच्या पाऊण तास आधीची आहे, आणि संध्याकाळी ती बरोबर साडेपाचला निघते, बैठक संपो वा न संपो. आठवड्यातून दोन दिवस तिने जाता येईल काय, असे आम्ही विचारले. तसे गेल्यास वर्षाचे 10,000 किलोमीटर गाडीवरून उतरतात, आणि चपळ गाडी व साधी गाडी यांतील पेट्रोलाचा सगळा फरक भरून निघून वर काही उरते. ते म्हणाले, "सर, बसमध्ये झोप लागते." आम्ही म्हटले, मग तर उत्तमच! त्यावर ते हसले, आणि सोमवारी बसची वेळ पुन्हा विचारून घेतो म्हणाले.